ईव्हीएमवर भांडताना आपण नेमकं कशावर भांडतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज आम्ही एका लेखनप्रकाराची समीक्षा करणार आहोत. कथा नाही, कविता नाही, नाटकही नाही. रात्री साडेअकराला, घरातली निजानीज झाल्यावर, फोनच्या पडद्यावर, ज्याचं नाव खरं की खोटं हेही ठाऊक नाही अशा माणसाबरोबर आपण जो वाद घालतो तो हा प्रकार. आज मराठीत सर्वांत जास्त लिहिलं जात असेल तर ते हेच असावं, असा आमचा अंदाज आहे. मग त्याची समीक्षा कुणीतरी करायला नको का? (हशा) आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात तुम्हीही आलात. हात वर करायला सांगत नाही.

एवढा मोठा प्रकार तासाभरात आवरणार नाही. म्हणून एकच नमुना घेतो: ईव्हीएमवरचा वाद. कारण साधं आहे. त्यात राष्ट्रीय राजकारण आहे, तंत्रज्ञान आहे आणि गणितही आहे. शिवाय बटण आपण सगळ्यांनीच दाबलेलं असल्यामुळे प्रत्येकजण तज्ज्ञ आहे. अणुभट्टीवर बोलताना माणूस थोडा तरी चाचरतो. इथे कुणी चाचरत नाही.

सुरुवात केरळपासून करू. मे १९८२. परूर विधानसभा मतदारसंघ. तिथल्या ८४ पैकी ५० मतदान केंद्रांवर देशात पहिल्यांदा मतदान यंत्रं वापरली गेली. यंत्राला आधी विरोध कुणी केला? कम्युनिस्ट उमेदवार शिवन पिळ्ळे यांनी. ते निवडणुकीच्या आधीच उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. मतदान झालं, मोजणी झाली आणि हेच पिळ्ळे १२३ मतांनी निवडून आले. मग त्यांची यंत्राबद्दलची तक्रार संपली, आणि हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यांची सुरू झाली. जोस सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने पुन्हा मतदान झालं आणि जोस जिंकले.

ही गोष्ट ऐकली की दोन्हीकडचे लोक खूश होतात. एक म्हणतो, बघा, यंत्र काढलं आणि निकाल फिरला! दुसरा म्हणतो, बघा, हरला की रडतो! पण निकालपत्रात काय आहे? न्यायालयाने यंत्र खोटं बोललं असं म्हटलेलंच नाही. कायद्यात मतपत्रिकेची पद्धत लिहिलेली आहे, यंत्राची तरतूद नाही, म्हणून आयोगाला ते वापरता येणार नाही, एवढाच मुद्दा. तो संसदेने १९८८ च्या दुरुस्तीने निकालात काढला. आणि फेरमतदान म्हणजे तीच मतं पुन्हा मोजणं नव्हे. ती वेगळ्या दिवशी दिलेली वेगळी मतं. म्हणजे पहिल्याच खटल्यात प्रश्न तीन होते. कायदा परवानगी देतो का, यंत्र बरोबर मोजतं का, आणि लोकांना ते पटतं का. त्रेचाळीसेक वर्षं झाली, आपण अजून हे तीन प्रश्न एकाच श्वासात विचारतो आणि ज्याचं उत्तर हाताशी असेल ते बाकी दोघांना चिकटवतो.

बाजू बदलण्याचं म्हणाल तर ती परंपरा परूरला संपली नाही. २०१० साली भाजपचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी ईव्हीएमवर विश्वास ठेवावा का, असा सवाल करणारं अख्खं पुस्तक लिहिलं. प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची. २००९ ची निवडणूक नुकतीच हरलेली होती. आज तोच सवाल काँग्रेसवाले करतात आणि भाजपवाले त्यांना हसतात. अनोळखी माणसाशी वाद घालताना हे पुस्तक म्हणजे हुकमाचं पान समजलं जातं. ‘तुमच्याच माणसाने लिहिलंय!’ म्हणून ते टाकलं की समोरचा पाच मिनिटं गप्प. आमचं म्हणणं असं की या पानाने फक्त माणसाची विसंगती सिद्ध होते. पुस्तकातला तांत्रिक मुद्दा २०१० मध्ये बरोबर असेल तर आजही त्याचं उत्तर हवं, आणि तेव्हाच चुकीचा असेल तर तो आज उचलण्यात अर्थ नाही. कोण म्हणालं याने यंत्रातली चिप बदलत नाही.

आता या वादातल्या उपमांकडे येऊ. समीक्षकाला उपमा आवडतात, आम्हालाही. या वादात दोन उपमा इतक्या वापरल्या गेल्यात की त्यांना टक्कल पडलंय. (हशा) पहिली: ‘फोन हॅक होतो, बँक हॅक होते, मग ईव्हीएम का नाही होणार?’ दुसरी: ‘चंद्रावर यान उतरवणारा देश एक मोजणी यंत्र नीट बनवू शकत नाही का? रोज यूपीआयने भाजी घेता, तेव्हा नाही शंका येत?’

पहिलीचं उत्तर ठरलेलं असतं: ईव्हीएम इंटरनेटला जोडलेलं नसतं, त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. बरोबर आहे. फोन दुरून हॅक होतो कारण तो सतत कुणाशी तरी बोलत असतो. ईव्हीएम कुणाशी बोलत नाही. तेव्हा ज्याला गडबड करायची त्याला यंत्रापर्यंत हात पोचवावा लागेल, एका नाही, शेकडो यंत्रांपर्यंत. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ही यंत्रं बनवतात. कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे दोन टप्प्यांत सोडतीने ठरतं, आणि मतदानाच्या सकाळी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी होते. हे सगळं खरं. पण ‘जोडलेलं नाही’ याचा अर्थ ‘हात लागूच शकत नाही’ असा नव्हे, हे वाक्य इथे कुणी पुरं करत नाही. व्हीव्हीपॅट आल्यापासून उमेदवारांची नावं आणि चिन्हं एका छोट्या उपकरणातून त्या छपाई यंत्रात भरावी लागतात. ते ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’. आधी ते संगणकाला जोडायचं, मग व्हीव्हीपॅटला. तेव्हा बाहेरची माहिती आत जाण्याची एक वाट आहे, अरुंद असेल, पण आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकांची मागणी फेटाळली, सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही फेटाळली. पण त्याच निकालात ही लोडिंग युनिट्स मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवा, असंही सांगितलं. ज्याला आपली बाजू जिंकली असं वाटलं त्याने निकालाचा हा भाग वाचला नाही. ज्याला हरली असं वाटलं त्यानेही नाही.

दुसरी उपमा, यूपीआयची. ही आम्हाला फार महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा, तुम्ही भाजीवाल्याला ८० रुपये पाठवले आणि ते गेले दुसऱ्याच कुणाला. तुम्हाला कसं कळतं? तुमच्या खात्यात नोंद दिसते. भाजीवाला म्हणतो, आले नाहीत. त्याच्याकडेही नोंद आहे. बँकेकडे तिसरी. तीन वह्या जुळवल्या की चूक सापडते, पैसे परत येतात. बँकेचं यंत्र कधी चुकत नाही म्हणून आपला त्यावर विश्वास असतो, असं नाही. ते चुकतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. विश्वास अशासाठी, की प्रत्येक व्यवहारावर नाव लिहिलेलं आहे आणि चूक मागे जाऊन शोधता येते.

मतदानात नेमकं हेच करायला आपण बंदी घातली आहे. मत गुप्त हवं. मतावर नाव नको. तुमचं मत कुठे गेलं याची पावती घरी नेता आली असती तर दुसऱ्या दिवशी पाटलाने ती दाखवायला सांगितली असती, नाहीतर मालकाने. म्हणून व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती तुमच्या हातात देत नाहीत, आणि देत नाहीत हेच बरोबर आहे. पण मग त्याची किंमतही मोजावी लागते. मतदान हा असा हिशेब आहे की ज्यात खातेदाराला स्वतःची नोंद नंतर तपासता येत नाही. सबंध वादाचं मूळ इथे आहे. यंत्र चांगलं की वाईट याच्या आधी हे: गुप्तता आणि पडताळणी एकमेकींचे पाय ओढतात. चंद्रावर उतरलेल्या यानाला गुप्तता पाळायची नव्हती. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं ते सगळ्या जगाने पाहिलं.

हे एकदा मान्य केलं की दोन्ही टकल्या उपमा गळून पडतात. फोनचीही आणि यानाचीही.

बरं, ‘हॅक करून दाखवलं होतं ना?’ हो, दाखवलं होतं. २०१० साली हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खाँग्राइप यांनी एका खऱ्या ईव्हीएमवर दोन प्रयोग केले. एकात निकाल दाखवणारी पाटीच बदलली, तशाच दिसणाऱ्या पाटीत दुसरी चिप लपवून. दुसऱ्यात एक छोटं उपकरण थेट स्मृतीला चिमट्यासारखं लावून साठवलेली मतं बदलली. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातलं होतं. ते बाहेर कसं आलं, या प्रश्नावर ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना अटक झाली. आता गंमत बघा. या प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. यंत्र हातात मिळालं तर निकाल बदलता येतो. आणि यंत्र हातात मिळालं. (हशा) पण कुठल्या एका निवडणुकीत असं घडलं, हे त्यातून सिद्ध झालं नाही. संशोधकांचा तो दावाही नव्हता. ‘घडू शकतं’ आणि ‘घडलं’ यांच्यात एक नदी आहे. रात्री साडेअकराला आपण ती उडी मारून पार करतो. पलीकडचा माणूसही काही कमी नाही. ‘घडलं हे सिद्ध कर’ म्हणताना त्याला ‘घडू शकतं’ यावर एक शब्द बोलायचा नसतो. शिवाय सिद्ध करायला लागणारं यंत्र आयोगाच्या कुलपात आहे हे तो सांगत नाही. जून २०१७ मध्ये आयोगाने पक्षांना आव्हान दिलं, या आणि करून दाखवा. राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी असे दोनच पक्ष आले, आणि प्रत्यक्ष प्रयत्न त्यांनीही केला नाही. आयोगाच्या अटींत यंत्राचे आतले भाग बदलायला परवानगी नव्हती. यावर एक म्हणाला, घाबरले. दुसरा म्हणाला, कुलूप न उघडता चोरी करून दाखवा असं हे आव्हान. आमच्या मते या दोघांत दुसऱ्याचा मुद्दा जास्त वजनदार आहे. पण तो मांडायला आत जावं, अटी वाचाव्या आणि कुठली अट आडवी येते ते जाहीर लिहून द्यावं, हे पक्षांनी करायला हवं होतं.

आता आकड्यांकडे. घाबरू नका, फळ्यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहिणार नाही.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट आणायला सांगितलं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजा. त्याआधी एकाच यंत्राच्या मोजत. या पाचावरून केवढी भांडणं! एक म्हणतो, देशभरात २० हजारांवर यंत्रं तपासली जातात, शास्त्रज्ञ म्हणाले होते ४७९ पुरेत. दुसरा म्हणतो, ३०० मध्ये ५ तपासणं म्हणजे पोत्यातला एक दाणा चाखणं. आम्ही हे भांडण इतक्या वेळा वाचलंय की दोघांचंही पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवू शकतो. आणि दोघंही बरोबर आहेत. खरंच. कसे ते बघा.

४७९ हा आकडा आयोगाने नेमलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या समितीचा. तिने गृहीत धरलं, की देशातली दहा लाखांवर यंत्रं हा एकच ढीग आहे. त्यातली दोन टक्के बिघडलेली असतील आणि तुम्ही ४७९ काढली, तर त्यात एकही बिघडलेलं न सापडण्याची शक्यता ०.९८ चा ४७९ वा घात, म्हणजे लाखात साधारण सहा. म्हणून ९९.९९ टक्के खात्री. गणितात काहीही चूक नाही.

आता एकच मतदारसंघ घ्या. ३०० यंत्रं. त्यातली तीच दोन टक्के, म्हणजे सहा बिघडलेली. तुम्ही पाच काढता. त्या पाचांत एखादं बिघडलेलं हाती लागण्याची शक्यता किती? ९.७ टक्के. दहातली नऊ वेळा तुम्ही ‘सगळं जुळलं’ म्हणून घरी जाल. आणि सहा यंत्रांनी काय होतं? यंत्रामागे १०० मतं एकाची दुसऱ्याला गेली तर फरक २०० चा पडतो. सहा यंत्रांत १,२०० चा. परूरमध्ये फरक होता १२३ चा. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभेत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. तिथे सहा विधानसभा क्षेत्रं मिळून ३० यंत्रं तपासली जातात हे खरं, पण मुद्दा तोच राहतो. माजी सनदी अधिकारी के. अशोक वर्धन शेट्टी यांनी हाच आक्षेप घेतला होता: निवडणूक मतदारसंघात लागते, देशाच्या ढिगात नाही.

पण थांबा, दुसऱ्या बाजूला टाळ्या वाजवायची घाई नको. आता कुणी म्हणेल की महाराष्ट्रात शंभर मतदारसंघांत असं केलं. ठीक. एका ठिकाणी सुटण्याची शक्यता ९०.३ टक्के. शंभरच्या शंभर ठिकाणी सुटायचं असेल तर ०.९०३ चा शंभरावा घात. येतो लाखात चार. २०२४ च्या विधानसभेनंतर राज्यात २८८ गुणिले पाच, म्हणजे १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि आयोगाने सांगितलं की कुठेही तफावत आली नाही. म्हणजे आपल्याकडची तपासणी राज्यभराच्या घोटाळ्याचा दावा करणाऱ्याला चांगलंच अडचणीत आणते, आणि एका अटीतटीच्या जागेवर हरलेल्या उमेदवाराला काहीच देत नाही. सोडत प्रामाणिक आहे आणि चिठ्ठ्या खऱ्या आहेत, एवढं यात गृहीत धरलंय, हे बाजूला लिहून ठेवा.

आता वाद घालणारे काय करतात? ज्याच्या हातात एका जागेचा प्रश्न आहे तो राज्याचा दावा करतो. ज्याच्या हातात राज्याचं उत्तर आहे तो त्या एका जागेलाही तेच फेकून मारतो. दोघांना एका खोलीत कागद-पेन्सिल घेऊन बसवलं तर वीस मिनिटांत भांडण मिटेल आणि एक नवीन, कामाचा प्रश्न निघेल: निकाल जितका अटीतटीचा तितका नमुना मोठा का नको? अमेरिकेतल्या काही राज्यांत या तत्त्वावर पडताळणी होते. आपल्याकडे पाच म्हणजे पाच. ४८ मतांनी जिंका की दीड लाखांनी.

‘७६ लाख’ हा असाच दुसरा आकडा. २० नोव्हेंबर २०२४. संध्याकाळी पाचला आयोगाने सांगितलं, ५८.२२ टक्के मतदान. शेवटचा आकडा आला ६६.०५. मतदार ९ कोटी ७० लाख. फरक जवळजवळ ७६ लाखांचा. ‘एका तासात ७६ लाख मतं आली कुठून?’ वाक्य इतकं सुटसुटीत आहे की ते आपोआप पुढे पाठवलं जातं. आम्ही फक्त भागाकार केला. राज्यात मतदान केंद्रं एक लाखाच्या किंचित वर. केंद्रामागे ७६ मतं. सकाळी सात ते पाच या दहा तासांत ५८.२२ टक्के, म्हणजे ताशी ५.८ टक्के. पाच ते सहाचा तास त्याच गतीने गेला तर उरतात दोन टक्के. केंद्रामागे साधारण वीस माणसं, सहा वाजता रांगेत टोकन घेऊन उभी. वीस माणसांची रांग तुम्ही पाहिली नाही असं म्हणू नका. शिवाय पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला, तात्पुरता.

म्हणजे शंका मूर्खपणाची होती? नाही. सरासरीत सगळं बसतं म्हणून प्रत्येक केंद्रावर बसतंच असं नाही. पण ते तपासायची जागा टक्केवारीत नाही. ती जागा म्हणजे ‘फॉर्म १७-सी’. मतदान संपल्यावर त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली हे त्यावर लिहितात आणि प्रत पक्षाच्या प्रतिनिधीला देतात. मोजणीच्या टेबलावर आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. हे फॉर्म आयोगाने लोकांसाठी खुले करावेत, अशी मागणी २०२४ च्या लोकसभेवेळी न्यायालयात झाली होती. मे महिन्यात न्यायालयाने निवडणूक चालू असताना तसा हंगामी आदेश द्यायला नकार दिला. आमचं मत विचाराल तर ते खुले असावेत. पण ते खुले नाहीत म्हणून पक्ष हात झटकू शकत नाहीत. ज्या पक्षाचा प्रतिनिधी केंद्रावर संध्याकाळपर्यंत बसला त्याच्याकडे प्रत आहेच. ‘७६ लाख’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला हा फॉर्म माहीत आहे का, हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो. बहुतेकदा संभाषण तिथेच थांबतं. कधी कधी मात्र उलट होतं. तो म्हणतो, मी स्वतः पोलिंग एजंट होतो, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही फक्त वाचत राहतो.

मारकडवाडीबद्दल बोलल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर भाषण पुरं होत नाही. सोलापूर जिल्हा, माळशिरस मतदारसंघ. उत्तम जानकर निवडून आले, राम सातपुते हरले. पण मारकडवाडी गावात सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं. जानकरांच्या समर्थकांना हे पटेना. त्यांनी ठरवलं, ३ डिसेंबरला आपण कागदावर पुन्हा मतदान घेऊ. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले.

तक्रार इथे जिंकलेल्याने केली, ही या प्रकरणातली दुर्मीळ आणि आदर वाटावी अशी गोष्ट. प्रशासनाने एवढी ताकद लावायची गरज नव्हती, असंही आम्हाला वाटतं. हौशी मोजणीने कुणाची आमदारकी जात नव्हती. पण प्रयोग म्हणून तो बसतो का? चार कॅमेरे समोर, आमदार दारात, कोण आलं आणि कोण नाही हे सगळ्या गावाला दिसतंय. सातपुतेंना मत दिलेला माणूस तिथे येईल का? आला तरी तेच मत देईल का? ‘आमच्या गावात कुणी कुणाला मत दिलं हे आम्हाला ठाऊक आहे’ हे वाक्य पुराव्यासारखं फिरत होतं. ते खरं असेल तर गुप्त मतदान संपलं म्हणायचं. नसेल तर तो पुरावा नाही.

अनोळखी माणसाचा मुद्दा इथेच आला. गावच्या पारावर वाद घालताना समोरचा कोण, त्याची जमीन किती, मागच्या वेळी कुणाचा झेंडा धरला, सगळं माहीत असतं. त्यामुळे मुद्दा अर्धा बोलला तरी चालतो. आणि फार ताणलं तर ‘जाऊ द्या काका’ म्हणून चहा मागवता येतो. पडद्यावर चहा नाही. समोरच्याबद्दल काही माहीत नसणं आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण दुसऱ्याच उत्तरात त्याला एक ओळख देऊन टाकतो. भक्त. चमचा. आयटी सेल. अर्बन नक्षल. ती दिली की काम सोपं होतं, कारण आता मुद्द्याला उत्तर द्यायचं नसतं, ओळखीला द्यायचं असतं. आपल्या जुन्या न्यायशास्त्राने याची वर्गवारी करून ठेवली आहे. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. मराठीत आपण ‘वितंडवाद’ असा एकच शब्द करून टाकला. वाद आणि वितंडा यांत फरक असू शकतो हे आपण भाषेतूनच विसरलो की काय, कोण जाणे!

तरीही आम्ही अनोळखी माणसाच्या बाजूने आहोत. मित्राला ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणता येतं. अनोळखी माणसाला नाही. त्याला पायरी न पायरी दाखवावी लागते. आणि आयोगाचं नागरिकांशी नातं याच जातीचं आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला दिलेला निकाल म्हणून वाचण्यासारखा आहे. तिथे २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं घटनाबाह्य ठरली. गडबड झाल्याचा पुरावा न्यायालयापुढे नव्हता, निवडणूक रद्दही झाली नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की मतदान आणि मोजणीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आल्या पाहिजेत. त्या यंत्रांत कागद नव्हता, आपल्या यंत्रात आहे. त्यामुळे ‘जर्मनीने बंद केलं, आपणही करा’ ही उडी लंगडी आहे. पण ‘तज्ज्ञांनी तपासलंय, तुम्ही गप्प बसा’ या उत्तराचं काय, याचं उत्तर त्या निकालात आहे. मतदाराला तज्ज्ञ व्हायला सांगता येत नाही.

आणि आपल्याकडे तपासायला गेलेल्याचं काय होतं? मतदान करताना चिठ्ठी चुकीची छापली गेली असं वाटलं तर तक्रार करता येते, पण आधी लिहून द्यावं लागतं की तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते. मग चाचणी मत. ते बरोबर निघालं तर तुम्ही खोटे. यंत्र दर दहा मतांत एकदाच चुकत असेल तर? मग पुढे कोण येईल सांगा बरं.

उमेदवारासाठी २०२४ च्या निकालाने एक दार उघडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, पैसे भरून, पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून घेता येईल. २०२४ मध्ये खर्च एका संचामागे ४७,२०० रुपये होता, जीएसटीसह. यंत्र दोषी निघालं तर पैसे परत. मात्र आयोगाने जी कार्यपद्धती आखली तिच्यात यंत्रावर नव्याने चाचणी मतं टाकून बघायचं होतं. निवडणुकीतला मूळ डेटा मग राहतो कुठे? ११ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला हेच विचारलं, डेटा पुसू नका असं बजावलं, आणि रक्कम जास्त आहे असंही म्हटलं. कार्यपद्धती त्यानंतर बदलली.

त्या आठवड्यात आम्ही मुद्दाम शोधलं, यावर कोण भांडतंय. यंत्रावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे, टकल्या उपमा फेकणारे, अडवाणींची प्रस्तावना खिशात घेऊन फिरणारे, सगळे होते. विषय दुसराच चालला होता.

इथे थांबतो. चिठ्ठ्या आल्यात बऱ्याच, त्यांच्याकडे वळू. पहिला प्रश्न फॉर्म १७-सी बद्दलच आहे.